चोडण बेट, गोवा : रविवारची पक्षीफेरी

सदस्यांनो, येत्या रविवारी सकाळी 6.15 वाजता रायबंदर फेरी धक्क्यावर जमायचे आहे. फेरीबोट सुटली तर पुढची येईपर्यंत खोळंबा, म्हणून कोणासाठीही थांबणार नाही. दुचाकी शक्यतो रायबंदरलाच ठेवा, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतके जवळ आहे.

सकाळी ओहोटी आहे. मांडवीकाठचा चिखल उघडा पडतो तेव्हाच पाणपक्षी खायला उतरतात, त्यामुळे आधी काठ, मग 10 नंतर पाणी चढले की होडीने खारफुटीच्या खाड्या. उलट क्रम केल्यास होडी रुतते आणि पक्षीही हुकतात.

ओळखीत दरवर्षी गोंधळ होतो तो दोन लांब, वाकड्या चोचीच्या पक्ष्यांचा. डोक्यावर गडद-फिके पट्टे आणि चोच तुलनेने आखूड असेल तर व्हिंब्रेल. डोके साधे आणि चोच फारच लांब असेल तर कर्ल्यू. रेडशँक बसलेला ओळखता आला नाही तर उडू द्या, पंखांची मागची कड पांढरी दिसेल. खंड्यांमध्ये काळ्या टोपीचा आणि पांढऱ्या कंठाचा, दोन्ही शोधा.

- कपडे मातकट किंवा हिरवे. पांढरा शर्ट नको.
- दुर्बीण 8×42 (8 पट, 42 मिमी भिंगाची) पुरे. 12 पटीची होडीत थरथरते.
- तिकीट व कॅमेरा शुल्कासाठी सुटे पैसे.
- पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायचे नाहीत.
- चिखलात उतरू नका. खारफुटीची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे (श्वास घेणारी मुळे) मोडतात, चप्पलही आतच राहते.

होडीत जागा मोजक्याच, म्हणून नावे शुक्रवार रात्रीपर्यंत गटावर कळवा.