पाढ्यांआधी चिंचोक्यांच्या ओळी

महोदय,

डिसेंबर २०२४ मध्ये देशभर झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात सहावीच्या जेमतेम ५३ टक्के विद्यार्थ्यांना मूलभूत गणिती क्रिया आणि दहापर्यंतचे पाढे नीट वापरता येतात, असे दिसून आले. त्यावर ‘मुलांकडून पाढे पुन्हा घोकून घ्या’ हा उपाय शिक्षक आणि पालक दोघेही सुचवताना ऐकू येतात. माझा पाठांतराला विरोध नाही. बे एके बे, बे दुणे चार या तालावर बसलेले पाढे जन्मभर साथ देतात. माझा आक्षेप आहे तो क्रमाला. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या हातून गुणाकार घडण्याआधीच तो त्याच्या तोंडी बसवला जातो, आणि मग ‘सहा साते बेचाळीस’ असे खणखणीत म्हणणारे मूल, सहा डब्यांत प्रत्येकी सात लाडू असतील तर एकूण किती, असे विचारताच ‘बाई, बेरीज करायची की गुणाकार?’ असे उलट विचारते.

सुरुवात समान गटांपासून व्हावी. जमिनीवर चार बांगड्या मांडून प्रत्येकीत तीन-तीन चिंचोके ठेवायला सांगावे. बहुतेक मुले आधी बाराही चिंचोके एकेक करून मोजतात; त्यांना थांबवू नये. काही दिवसांनी तीच मुले तीन, सहा, नऊ, बारा अशी टप्प्याटप्प्याने मोजू लागतात, आणि हा बदल कोणी न सांगता झाला असेल तरच गटाची कल्पना रुजली असे समजावे. मग एका बांगडीतला एक चिंचोका मुद्दाम काढून घ्यावा आणि ‘आता चार वेळा तीन म्हणता येईल का?’ असे विचारावे. गट सारखे असले पाहिजेत, ही अट मुलांना व्याख्येपेक्षा या एका कमी पडलेल्या चिंचोक्याने लवकर कळते. चारही बांगड्या रिकाम्या ठेवल्या की चार गुणिले शून्य म्हणजे काय, हेही वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र खरे मोल आहे ते ओळींच्या मांडणीला, आणि आपल्या वर्गांत नेमका तिलाच सर्वांत कमी वेळ मिळतो. किराणा दुकानात मिळणारा अंड्यांचा रिकामा ट्रे घ्यावा: पाच ओळी, प्रत्येक ओळीत सहा खळगे. तो मुलाच्या हातात देऊन आडवा फिरवायला सांगितला की सहा ओळी पाच-पाचच्या होतात आणि खळगे तीसच राहतात. (अंड्याचे वावडे असलेल्या घरांनी चौकटीची वही घ्यावी, तीत रंगवलेला आयत हेच काम करतो.) पाच सक आणि सहा पंचे एकच, हे मुलाने एकदा स्वतः फिरवून पाहिले की एक ते दहाच्या पाढ्यांतील १०० गुणाकारांपैकी वेगळे असे ५५ च उरतात. त्यांतून एक, दोन, पाच आणि दहाचे, म्हणजे मुलांना सोपे जाणारे, वगळले तर खरोखर पाठ करावे लागणारे अवघे २१ राहतात. हा हिशेब पालकांनी अवश्य करून पाहावा.

ओळींचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांडून पाचव्या ओळीनंतर एक दोरा आडवा ठेवावा. दोऱ्याच्या वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. सात आठे विसरलेल्या मुलाला अशा वेळी रडवेले होऊन ‘सात एके सात’पासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही, ते उत्तर जोडून आणते. पुढे मोठ्या संख्यांच्या गुणाकारात दशक आणि एकक वेगळे गुणून मिळवतात, त्याचे मूळही याच दोऱ्यात आहे.

तीनच्या पाढ्यासाठी तर साहित्यही लागत नाही. जपाच्या वेळी आजी मोजते तशी अंगठ्याने बोटांची पेरे मोजली की चार बोटांवर तीन-तीनप्रमाणे बारा होतात. अंगणात खडूने आखलेल्या संख्यारेषेवर दोन-दोनच्या किंवा चार-चारच्या उड्या मारणेही चांगले. वस्तूंनंतर मुलांनी त्याच मांडणीची चित्रे काढावीत आणि गुणाकाराचे चिन्ह सर्वांत शेवटी यावे.

तिसरीपर्यंत पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान साधण्यासाठी २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले, शाळांपर्यंत साहित्याच्या पेट्याही पोहोचल्या. परंतु मी पाहिलेल्या एका शाळेत अशी पेटी कपाटात कुलूपबंद होती. मणी हरवले तर तपासणीच्या वेळी उत्तर कोणी द्यायचे, ही मुख्याध्यापकांची भीती अगदीच निराधार नव्हती. साहित्य वापरून झिजले किंवा हरवले तर त्याबद्दल शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट लेखी कळवायला हवे. दुसरीकडे, शिक्षक टेबलावर मांडून दाखवतात किंवा पडद्यावर चित्रफीत लावतात आणि चाळीस मुले बघत बसतात, याला कृतियुक्त शिक्षण म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

केंद्रस्तरावरील, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या, शिक्षण परिषदेत एखादे सत्र भाषणाऐवजी शिक्षकांनाच जमिनीवर बसवून ही मांडणी करायला लावण्यासाठी द्यावे, अशी माझी विनंती आहे. तसेच दुसरीच्या तोंडी परीक्षेत पाढा म्हणायला लावण्याबरोबर प्रत्येक मुलापुढे अठरा चिंचोके ठेवावेत आणि सारख्या ओळींत ते किती प्रकारे मांडता येतात, हे करून दाखवायला सांगावे. मग एक चिंचोका उचलून घ्यावा आणि सतरांचे काय होते ते पाहू द्यावे. वीस मुलांच्या वर्गात हे एका तासात होणार नाही, हे खरे; पण रोज चार मुले घेतली तर पाच दिवसांत वर्ग पुरा होतो.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा