आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांना खुलं पत्र: समुद्राच्या तळाशी पण यंत्रं बसवा

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

त्सुनामी म्हटलं की आपल्या खात्याचं सगळं लक्ष मोठ्या भूकंपाकडे असतं, ते बरोबरच आहे, पण मला काळजी वाटतेय ती वेगळ्याच गोष्टीची, समुद्रातल्या ज्वालामुखींची.

मे 2018 मध्ये हिंदी महासागरातल्या मायोत बेटावर भूकंप सुरू झाले. एक-दोन नाही, महिनोन्महिने, 15 मेला तर 5.8 तीव्रतेचा. काही लोक भीतीने घराबाहेर झोपायला लागले आणि नक्की काय चाललंय ते कुणालाच सांगता येईना, कारण तिथल्या समुद्रतळावर तेव्हा एकही सिस्मोमीटर, म्हणजे भूकंप नोंदवणारं यंत्र, नव्हता. शेवटी मे 2019 मध्ये जहाजाने सोनार यंत्राने, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून, तळ तपासला, तर बेटाच्या पूर्वेला 50 किमीवर, साडेतीन किमी खोल पाण्यात 800 मीटरहून उंच नवाकोरा ज्वालामुखी उभा! खालचा मॅग्मा (वितळलेला खडक) निघून गेला तसं अख्खं बेट दहा-पंधरा सेंटीमीटर खचलं, म्हणजे भरतीचं पाणी तेवढं वर आलं.

याचा संबंध पूर्व आफ्रिकेत खंड फाटतंय त्याच्याशी जोडला जातो. खंड ताणलं जातं तसं पातळ होतं, खालचा गरम खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि नुसत्या तेवढ्यानेच तो वितळायला लागतो, वेगळी उष्णता लागतच नाही. मग मॅग्मा भेगांतून वर घुसतो. 2005 मध्ये इथिओपियाच्या अफारमध्ये सुमारे 60 किमी लांबीची भेग काही दिवसांत कित्येक मीटर रुंद झाली. तांबड्या समुद्रात झुबेर बेटांपाशी 2011 आणि 2013 मध्ये उद्रेकातून नवी बेटंच वर आली.

ज्वालामुखीचा उतार ढासळला तर मोठा भूकंप न होताही त्सुनामी येते. 22 डिसेंबर 2018 ला इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीला हेच झालं, तिथे पृथ्वीच्या कवचाची प्लेट फाटत नाही, एक प्लेट दुसरीखाली जाते, पण ढासळणारा उतार दोन्हीकडे सारखाच. रात्रीची वेळ, आधी इशारा नाही, 400 हून जास्त माणसं गेली हो.

म्हणून विनंती एवढीच, की समुद्रतळावर कायमची सिस्मोमीटर आणि दाबमापकं बसवा, तळाचे नकाशे दर काही वर्षांनी परत करा, भरतीमापकांचा डेटा थेट इशारा केंद्रात येऊ द्या. आणि छोटे भूकंप सलग व्हायला लागले तर पहिल्याच आठवड्यात लोकांना त्यांच्या भाषेत सांगा, जेवढं कळलंय तेवढं तरी सांगा. मायोतच्या लोकांना एक वर्ष थांबावं लागलं.

आपला,
एक नागरिक