संद्या, गाडी रंगवायच्या आधी हे वाच

प्रिय संद्या,

परवा फोनवर तू म्हणालास की पेंटरने गाडीवरचे गंजासारखे ठिपके बघून थेट बॉनेट नि टप दोन्ही रंगवायला सांगितलंय. तेव्हा मी काही बोललो नाही, मागे पोरगं रडत होतं आणि फोनवर ते समजलंही नसतं, म्हणून आता बसून टाइप करतोय. ॲडव्हान्स दिला नसशील तर थांब.

माझ्या पांढऱ्या गाडीचं गेल्या वर्षी हेच झालेलं. अंबडला आमच्या कंपनीशेजारी फॅब्रिकेशनचं शेड आहे, दिवसभर ग्राइंडर चालू, आणि मी येडा सावली मिळते म्हणून वर्षभर त्याच भिंतीला गाडी लावायचो. एक दिवस धुताना बघतो तर मोहरीहून बारीक तांबूस ठिपके, मोजता येणार नाहीत एवढे. वाटलं पत्रा आतून गंजला, झोप उडाली राव. पण गंजतो तो पत्रा नाही, वर बसलेली लोखंडाची कणी गंजते. ग्राइंडरची कणी तापलेलीच उडते, रंगावरच्या क्लिअर कोटात, म्हणजे पारदर्शक थरात, रुतते, मग पाणी लागलं की तांबारते. तुझी गाडी पुण्याला जायच्या आधी दोन वर्षं नाशिकरोडला रुळाच्या कडेला उभी असायची, तिथे रूळ, चाक, ब्रेक घासून तीच कणी उडते, म्हणून मला शंका आली.

खात्री करायची तर गाडी धू, ओली असतानाच हाताला पातळ पन्नी घाल नि बॉनेटवरून अलगद फिरव. खाली रवा सांडल्यासारखं लागलं तर रंगाचं काम नाही, सफाईचं आहे. पत्रा फुगलाय, पापुद्रा सुटलाय असं असेल तर मात्र पेंटर बरोबर, मग माझं ऐकू नको.

आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेली लोखंडाची कणी विरघळवणारं फवाऱ्याचं औषध. गाडी थंड पाहिजे, सावलीत, फवारलं की तीन-चार मिनिटांत ठिपक्यांवरून जांभळे ओघळ येतात, बघायला मजा येते पण वास सडक्या अंड्याचा, आमच्या शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. ग्लोव्हज घाल आणि वाळू देऊ नकोस, भरपूर पाण्याने धू. खाली दारांच्या कडेला डांबर असेल तर टार रिमूव्हर लाव, ते वेगळं येतं.

एवढ्यानेच बरंच निघतं, उरलेल्यासाठी क्ले बार. पोरांच्या मातीसारखाच गोळा, पाव तुकडा तोडून हातात मळून चपटा करायचा. एका वेळी हातभर जागा घे, शाम्पूचं पाणी सढळ हाताने मार, आणि सरळ रेषेत चालव, गोल नाही, जोर तर बिलकुल नाही. पहिल्यांदा खरखर आवाज येतो, क्ले अडकतो, मग एकदम लोण्यासारखा सरकायला लागतो. प्रत्येक वेळी उलटा करून बघ, काळा झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर.

आता माझा गाढवपणा. गोळा हातातून फरशीवर पडला, मी पाण्यात बुचकळून परत वापरला. ड्रायव्हरच्या दारावर अशा रेघोट्या उठल्या की बायको म्हणाली मांजर चढलं होतं का. पडला की फेकायचा, पैसे गेले तरी. त्या रेघोट्या पॉलिशने गेल्या, पण तुझी काळी गाडी, तिच्यावर क्लेचे बारीक ओरखडे तसेही दिसणारच, शेवटी हलकं पॉलिश धरूनच चाल. मग वॅक्स लाव, कारण आधीचं वॅक्सही या सगळ्यात निघून जातं. बोरच्या पाण्याचे डाग रंगात खोल उतरले असतील तर ते क्लेने जाणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

आणि रंगवायला एवढी घाई का नको, तर कंपनीत रंग १४० डिग्रीच्या आसपास भाजून बसवतात, गॅरेजच्या बूथमध्ये ६०-७० च्या पुढे सहसा जात नाहीत, आतलं वायरिंग-प्लास्टिक असतं ना. तो मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही. मशीन लावून जोरात घासणाऱ्यालाही देऊ नको, क्लिअर कोट असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, केसाहून पातळ.

माझ्याकडे अर्धा क्ले नि आयर्न रिमूव्हरची बाटली पडून आहे. पुढच्या महिन्यात येतोच आहेस ना, शनिवारी रात्रीच ये, रविवारी सहाला सुरू करू, ऊन चढायच्या आत बॉनेट-टप होईल, मग मिसळ. पेंटरला तोवर सांग, नाशिकला जाऊन आल्यावर बघतो.

तुझाच,
पक्या