व्हिडिओ म्हणजे वही नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, लिहिण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं लेखकमहाशयांनी आधी तोंडभरून कौतुक केलं आणि शेवटच्या परिच्छेदात ‘हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, व्हिडिओ काढला की झालं’ म्हणून त्यावर पाणी फिरवलं. तेवढं वाक्य नसतं, तर मी हे पत्र लिहीत बसले नसते.

माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. शाळेत निबंध होता. घरी तिने तो मला खुणांनी सांगितला. एक हात आडवा धरून कुंपण, दुसऱ्या हाताचा कुत्रा. तो खालून कसा घुसला, पोट कुठे अडकलं, मागचे पाय कसे झाडले, सगळं. वहीत उतरलं, ‘कुत्रा कुंपण आत गेला’. खाली लाल शाईत शेरा : ‘विभक्ती चुकल्या. विषय फुलवला नाही.’ फुलवला नाही!

मग तोच निबंध व्हिडिओत केला. मधलं एक वाक्य तिला बदलावंसं वाटलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खोडायची सोय नाही, दोन ओळींच्या मध्ये काही घुसडता येत नाही, मागचं वाक्य समोर ठेवून पुढचं जुळवता येत नाही. ऐकू येणाऱ्या मुलांना निबंध रेकॉर्ड करून आणा, असं कोणी सांगतं का?

म्हणून आम्ही साइनरायटिंगकडे, म्हणजे खुणा चिन्हांनी कागदावर लिहायच्या लिपीकडे, वळलो. व्हॅलरी सटन यांनी नृत्य लिहून ठेवायच्या स्वतःच्याच पद्धतीवरून १९७४ मध्ये ती बसवली. तळवा दिसत असेल तर हात पांढरा, मागची बाजू दिसत असेल तर काळा, स्पर्शाला चांदणी, चेहऱ्याला वर्तुळ. मुलीने हे पटकन उचललं. अडलं ते सॉफ्टवेअरपाशी. भुवया सापडेनात! मेनूच्या आत मेनू, त्याच्याही आत कुठेतरी त्या दडलेल्या. आणि भुवया वर चढल्या नाहीत तर तिच्या ‘आत येऊ?’चं ‘आत येते’ होतं.

लेखात म्हटलंय, ही चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी सगळ्या लिप्यांसाठी मानलेल्या एकाच यादीत, आली, आता काम सोपं. आली खरी, २०१५ मध्ये, ६७२ चिन्हं. पण हात कपाळापाशी आहे की छातीपाशी, हे युनिकोड सांगत नाही. ती मांडणी सॉफ्टवेअरने करायची. आपली वेलांटी कशी आपसूक अक्षराला जाऊन बसते, तसं इथे होत नाही. खरं काम तिथेच आहे, आणि लेखात त्यावर एक ओळ नाही. उलट हॅमनोसिस ही खुणा टिपायची दुसरी पद्धतही त्याच पंगतीला बसवलीय. ती हॅम्बुर्ग विद्यापीठात अभ्यासकांच्या नोंदींसाठी तयार झाली. मुलांनी तिच्यात निबंध लिहावेत अशी लेखकांची इच्छा असेल, तर त्यांनी आधी स्वतः एक लिहून दाखवावा.

जाता जाता आणखी एक. लेखाखाली तुम्ही ज्या व्हिडिओचा दुवा दिलाय, त्यात निवेदक अखंड बोलतोय आणि सबटायटल्सचा पत्ता नाही. विषय कर्णबधिरांच्या साक्षरतेचा! मुलीने तो शेवटपर्यंत पाहिला आणि मला विचारलं, हा माणूस काय म्हणतोय? सबटायटल्स घालायला कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागत नाही. या आठवड्यात ती घालावीत, ही विनंती.

— एका कर्णबधिर मुलीची आई