अठरा देशांची यादी घडी करून परत देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं उघडं पत्र. महिन्याभराने पुन्हा दुकानात आलो तेव्हा तुम्ही काम सोडल्याचं कळलं आणि पत्ता कोणाकडेच नव्हता. ओळख पटावी म्हणून सांगतो: आयात बिअरच्या कपाटासमोर हातात कागद धरून पाऊण तास उभा होता, तो मी. तुम्ही शिडीवरून खोकी उतरवत होतात, चष्मा दोरीला बांधून गळ्यात.

घरी सहा जणांनी बसून जगभरच्या बिअर चाखायच्या, एवढाच बेत होता. यादी मी देशांवरून केली होती. एक देश, एक बाटली. अठरापैकी अकरा मिळाल्या होत्या आणि मी स्वतःवर खूश होतो. तुम्ही टोपलीतल्या दोन बाटल्या उचलून मागचं बारीक अक्षर दाखवलंत. पुढे दिमाखात एका देशाचा झेंडा, मागे कारखाना भलत्याच देशातला. परवान्यावर बनवलेली. "ही तुमच्यापेक्षाही कमी फिरलीय," म्हणालात.

उरलेल्यांचंही तुम्ही फार ठेवलं नाहीत. बहुतेक सगळ्या फिकट सोनेरी लागर, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअर, एकाच घराण्यातल्या. 1842 साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्ल्झेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने पहिली पिल्सनर, म्हणजे अशी सोनेरी लागर, काढली आणि पुढे जगाने तिचीच नक्कल केली, हे मला तुमच्याकडून कळलं. "नाती-पणती कशाला गोळा करता? आजीच न्या." असं म्हणून पिल्सनर उर्केल हातात दिलीत. तीही कॅनमधली, कारण कॅनमध्ये उजेड शिरत नाही. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं; त्यांतली कडू द्रव्यं उजेडाने फुटतात आणि गंधकासारखा घाण वास सुटतो. तपकिरी काच बरीच थोपवते, हिरवी थोडी, पांढरी जवळपास नाहीच. हे माहीत नसताना मी आधीच एक पांढऱ्या काचेची बाटली दुसरीकडून घेऊन ठेवली होती, अगदी ट्यूबलाइटखालची. घरी उघडली. तुमचं खरं निघालं, ओतून दिली.

वेस्टव्लेटरेन 12 या दुर्मीळ बिअरचं मी विचारलं तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. मला एकाने ती आणून देतो म्हटलं होतं, मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने. बेल्जियममधल्या त्या मठातले साधू बिअर मोजकीच बनवतात आणि घेणाऱ्याने ती पुढे विकू नये अशी अटच घालतात, हे तुम्ही सांगितलंत. "तिथे गेलात तर प्या," बस्स. तुम्हाला माल खपवायचा असता तर त्या दिवशी माझ्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

पण खरे आभार ऑर्व्हालसाठी, बेल्जियममधल्याच दुसऱ्या एका मठातल्या बिअरसाठी. तुम्ही आत जाऊन त्या पोटाशी फुगीर, मानेला निमुळत्या बाटल्या आणल्यात आणि चिठ्ठीवरची बाटलीत भरल्याची तारीख नखाने दाखवलीत. एक तीन महिन्यांपूर्वीची, दुसरी सव्वा वर्षाची, मागच्या फळीवर राहून गेलेली. मी जुनी बाजूला सारली, तर तुम्ही हसलात. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसिस जातीचं यीस्ट घालतात आणि ते आत महिनोन् महिने साखर खात बसतं. "दोन्ही न्या. एकाच वेळी ओता. काही सांगू नका."

तसंच केलं. ताजीला हॉप्सचा हिरवा, सालीसारखा वास आणि स्वच्छ कडूपणा. जुनीचा कडूपणा खाली बसलेला, तोंडात एकदम कोरडी, वास जुन्या चामड्याच्या पिशवीचा. पाच जणांनी दोन वेगळ्या बिअरची नावं सांगितली. चिठ्ठ्या दाखवल्यावर एकाने बाटल्या अदलाबदल केल्याचा आरोप केला. तासभर तोच विषय.

बाकीचंही सांगायला हवं. ग्यूझ, म्हणजे बेल्जियमची आंबट बिअर, निम्म्यांना आवडली, निम्म्यांनी ती नासलीय असं ठरवलं. धान्याचा कढवलेला रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर निववतात, यीस्ट कोणी घालत नाही, हवेतलं पडेल तेच; अशा बिअरला लॅम्बिक म्हणतात, मग एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळतात. एवढं सांगितल्यावर एक मत फिरलं. गव्हाच्या बिअरचा शेवटचा घोट बाटली घोळवून गाळासकट ओतला, केळं आणि लवंग दोन्ही वास सापडले. गिनेस या काळ्या आयरिश बिअरच्या कॅनमधला, फेस आणणारा नायट्रोजनचा चेंडू बघायला सगळ्यांनी कॅन कापला, बिअर बाजूलाच राहिली.

एक चूक कबूल करतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुम्ही मार्करने क्रम लिहून दिला होतात आणि सातव्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या होत्यात: जर्मनीतल्या बाम्बेर्गची धुरकट बिअर, श्लेंकेर्ला. मला वाटलं, इतकी गंमत शेवटपर्यंत कशाला ठेवायची, म्हणून तिसरी उघडली. बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेलं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं जव, ते. शेकोटीनंतर कपड्यांना येतो तसा वास तोंडात भरला. त्यानंतरची गव्हाची बिअर म्हणजे पाणी. अर्धा तास थांबलो, ग्लास धुतले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ऑर्व्हाल अजून उघडल्या नव्हत्या, हे माझं नशीब. दोन रेघा कशासाठी होत्या ते तेव्हा कळलं.

सात बाटल्या, चार देश. 330 मिलीची बाटली सहा जणांत म्हणजे माणशी जेमतेम 55 मिली, आणि तेवढं पुरलं. अठरा उघडल्या असत्या तर दहावीनंतर कोणालाच काही आठवलं नसतं. (मला आठव्यानंतरच, पण ते असो.)

निघताना तुम्ही माझी यादी घडी करून खिशात घातलीत, माझ्याच. ती अजून तिथेच आहे. पुठ्ठा मात्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्याच कपाटात, अंधारात, उभी ठेवलेली एक ऑर्व्हाल आहे, त्या ताज्या खेपेतली. सव्वा वर्षाची होईल तेव्हा उघडेन. तोवर हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर नव्या तारखेची एक बाटली तुम्ही घेऊन या. तुमच्याइतकं ताजं शोधणं मला अजून जमत नाही.

तुमचा,
शिडीखाली उभा असलेला