माहितीपट आधी वस्तीत दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामाजिक बदलासाठी माहितीपट आणि डिजिटल माध्यमे किती उपयोगी पडतात, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात कॅमेऱ्याच्या ताकदीविषयी बरेच काही होते. मात्र ज्यांच्यावर तो कॅमेरा रोखला जातो त्यांना तो चित्रपट पुढे कधी पाहायला मिळतो का, या प्रश्नाला जागा मिळालेली नव्हती. नाग नदीकाठच्या वस्तीत राहणारा एक निवृत्त शिक्षक या नात्याने त्याविषयी लिहीत आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि माणसे झोपेत असतानाच घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन तीन-चार तरुण वस्तीत आले. सगळे ज्यांना मावशी म्हणतात त्या माझ्या शेजारच्या वृद्ध बाई तेव्हा गाळाने भरलेली लोखंडी पेटी उपसत होत्या. लग्नातला शालू, रेशन कार्ड आणि नवऱ्याचा फोटो एकमेकांना चिकटून बसले होते. ते चित्रण झाले, पण उजेड नीट पडला नाही म्हणून "मावशी, पेटी बंद करून पुन्हा एकदा उघडता का?" अशी विनंती झाली. मावशींनी ती आणखी दोनदा उघडली. सात-आठ महिन्यांनी त्याच पेटीची चाळीस सेकंदांची चित्रफीत फिरत फिरत माझ्या व्हॉट्सॲपवर आली. मागे करुण बासरी वाजत होती, खाली वस्तीचे नाव चुकीचे होते आणि पाणी का शिरले याबद्दल अवाक्षर नव्हते. अंबाझरीच्या सांडव्यापुढच्या अडथळ्यांचा प्रश्न घेऊन रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, एवढे एक वाक्य तरी त्या चाळीस सेकंदांत बसले असते. पूर्ण माहितीपट आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नाही. मावशी अजून मला विचारतात, "त्या पोरायचा पिक्चर लागला काय, गुरुजी?"

त्याच पहाटे आमच्या गल्लीतील अकरावीच्या एका मुलाने गच्चीवरून मोबाइलवर जे टिपले ते अंधारे होते आणि सारखे हलत होते. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजार रुपयांची मदत जाहीर झाली. पण पंचनाम्याला माणसे येईपर्यंत बायकांनी भिंती धुऊन काढल्या होत्या. विजेच्या खांबावर पाणी कुठवर चढले होते आणि तेव्हा किती वाजले होते, हे त्या मुलाच्या मोबाइलने दाखवले. कला म्हणून ते सुमारच म्हणावे लागेल, पण आमच्या उपयोगी तेवढेच पडले.

हा फरक महागड्या आणि स्वस्त कॅमेऱ्याचा नाही. तेलंगणातील झहीराबादजवळच्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेच्या संघमांतील, म्हणजे गावोगावच्या महिला गटांतील, दलित शेतकरी महिलांनी व्हिडिओ कॅमेरा शिकून घेतला, तेव्हा त्यांच्यातील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी आपल्या आयुष्यातून नावे दिली. जमिनीवर बसलेल्या मजुराला समोरचा जमीनदार जसा उंच दिसतो तसे खालून वर घेतलेले चित्र, आणि जमीनदाराच्या नजरेने वरून खाली घेतलेले चित्र, यांना त्यांनी जमीनदार आणि त्याच्यापुढचा मजूर यांच्यावरूनच नावे दिली. संघमच्या बैठकीत मात्र सगळ्याजणी एकाच पातळीवर बसतात, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या चित्राला त्यांनी संघम शॉट म्हटले. हे वाचल्यावर मी ती चित्रफीत पुन्हा उघडून पाहिली. पेटीचे चित्रण उभ्याने, वरून घेतलेले आहे.

दाखवण्याचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरुवात करून माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रण केले आणि तयार झालेला 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट मुंबईतील चाळी-वस्त्यांमध्ये नेऊन दाखवला. दीक्षाभूमीच्या या शहरात त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. व्हिडिओ व्हॉलंटिअर्स या संस्थेचे गावोगावचे वार्ताहर आपले चित्रण संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवतात आणि प्रश्न सुटला, तर त्यावर दुसरा व्हिडिओ करतात. त्या दुसऱ्या व्हिडिओसाठी त्याच गल्लीत पुन्हा जावे लागते, आणि नेमके तेच आपल्याकडे कुणी करत नाही. किती हजार जणांनी पाहिले हा आकडा मोबाइलवर लगेच दिसतो. पण त्यात नाग नदीकाठचे किती, हे तो सांगत नाही.

आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही वस्त्यांमधील व्हिडिओ नियमित येतात. त्यावर ठिकाण आणि तारीख अचूक असावी, आणि पुराचे चित्रण करून गेलेल्या आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या पावसाळ्याआधी त्याच घरांत एकदा डोकावावे, एवढी विनंती आहे.

पेटीचे चित्रण करणाऱ्या तरुणांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल, तर त्यांच्यासाठी कळवतो की आमच्या बुद्धविहाराची मागची भिंत पांढरी आहे, सतरंज्या आहेत आणि प्रोजेक्टरची सोय मी करीन. पूर्ण चित्रपट घेऊन कोणत्याही रविवारी यावे, मात्र सायंकाळी सातनंतर; त्याआधी बायका कामावरून परतलेल्या नसतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर