बार्बाडोसच्या मुलींना ऑलिम्पिकची वाट मिळालीच पाहिजे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असणार आणि महिलांचे सहा संघ खेळणार, याचा मलाही आनंद झाला. क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी करताना मुलींच्या क्रिकेटला मैदानाचा एक कोपरा मिळावा म्हणून मी पुष्कळ भांडले आहे. पण या सगळ्या चर्चेत बार्बाडोसच्या संघाचं काय होणार, हे आपल्याकडे कुणी विचारताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

वेस्ट इंडिज हा देश नाही; बार्बाडोस, जमैका अशा कॅरिबियन देशांचा तो एकत्रित क्रिकेट संघ आहे. ऑलिम्पिकमध्ये तिथलं प्रत्येक राष्ट्र आपापल्या झेंड्याखाली उतरतं. त्यामुळे वेस्ट इंडिजचा संघ क्रमवारीत कितीही वर असला, तरी त्या नावानं त्याला लॉस एंजेलिसला जाता येत नाही. जाऊ शकेल तो एखाद्या बेटाचा संघ. आणि एकट्या बेटाला क्रमवारीत जागा कुठून असणार? त्या मुली वर्षभर वेस्ट इंडिजकडून खेळतात, त्यांचे सगळे गुण तिकडेच जमा होतात.

बार्बाडोसचं क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरांहूनही कमी. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. आमच्या मुलींनी एकदा विचारलं, ‘बाई, हे आहे कुठं?’ नकाशात दाखवायला गेले तर ठिपका एवढासा की नाव समुद्रावर छापलेलं. पण २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हाच देश स्वतःच्या नावानं उतरला. कोरोनामुळे बेटांमधली निवड स्पर्धा झाली नाही, म्हणून आधीचा विजेता असलेल्या बार्बाडोसला पाठवलं गेलं. २९ जुलैच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी पाकिस्तानला १५ धावांनी हरवलं. कायशिया नाइट नाबाद ६२, कर्णधार हेली मॅथ्यूज ५१.

पुढे ऑस्ट्रेलियानं त्यांना ६४ धावांत गुंडाळलं. भारताविरुद्ध तर शंभर धावांनी हार. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद ५६, रेणुका सिंगचे १० धावांत ४ बळी. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला मात्र त्या दिवशी ५ धावांवरच परतावं लागलं. असे निकाल दाखवून ‘इतक्या छोट्या संघाला ऑलिम्पिकमध्ये घेऊन काय उपयोग?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सांगते, धावफलक नीट वाचा. आपल्याविरुद्ध बार्बाडोसच्या ८ बाद ६२ धावा झाल्या, त्या पूर्ण वीस षटकांत. एवढ्या पडझडीतही त्या शेवटच्या चेंडूपर्यंत उभ्या राहिल्या. मुलींना शिकवताना मला हेच सगळ्यात अवघड गेलं आहे.

आणि १९७३ आठवा. महिलांच्या पहिल्या विश्वचषकात जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो हे दोन स्वतंत्र संघ होते. त्याच वर्षी पुण्यात आपली पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तेव्हा ‘तिघींत कसली राष्ट्रीय स्पर्धा?’ म्हणून कुणी ती बंद पाडली असती, तर २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपण विश्वचषक उचलताना पाहिला नसता.

त्या विश्वचषकात हेली मॅथ्यूज नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाहोरच्या पात्रता फेरीत थायलंडविरुद्ध तिनं २९ चेंडूंत ७० धावा ठोकल्या, संघानं १६७ धावांचं लक्ष्य ११ षटकांच्या आत गाठलं, तरी धावगतीच्या अगदी किरकोळ फरकानं वेस्ट इंडिजचा संघ बाहेर राहिला. मुंबईकरांना ती नव्यानं सांगायला नको. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगसाठी मुंबई इंडियन्सनं तिला ४० लाखांना घेतलं. ब्रेबॉर्नवरच्या अंतिम सामन्यात तिनं चार षटकांत ५ धावा देऊन ३ बळी घेतले आणि मालिकेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. तिच्याच बेटाच्या डिआंड्रा डॉटिननं २०१० मध्ये ३८ चेंडूंत शतक केलं होतं. महिलांच्या आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतलं ते पहिलं शतक. तीन लाखांच्या आतल्या वस्तीतून अशा दोघी निघतात, आणि त्यांच्या देशाचा संघ स्पर्धेच्या दारापर्यंतही पोहोचू नये, हे मला पटत नाही.

ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत क्रिकेटच ठेवलेलं नाही, त्यामुळे तीही वाट बंद. आता उरलं ऑलिम्पिक. उपाय अवघड नाही. बेटांमध्ये महिलांची स्पर्धा खेळवावी आणि तिच्या विजेत्या संघाला ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेत जागा द्यावी. तो संघ जमैकाचा किंवा त्रिनिदादचा निघाला तरी माझी तक्रार नाही. मैदानावर ठरू दे. वेस्ट इंडिजच्या मंडळानंही आपल्या देशांसाठी वाट मागितली आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षपदी सध्या भारतीय आहेत, आपल्या मंडळाच्या शब्दाला तिथे वजन आहे. ते वजन या मुलींच्या बाजूनं पडेल का, हे आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना थेट विचारावं आणि मिळेल ते उत्तर छापावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली